दुसऱ्या खेपेची सोय

"तुमच्या सॉफ्टवेअरनं मला एकोणीस प्रश्न विचारले. त्यातल्या सहांची उत्तरं मला माहीत होती. बाकीच्या तेरांना काहीतरी ठोकून दिलं. सेटअप तयार झाला, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. चूक माझी असेल तर सांगावं."

मेल एवढीच होती. खाली सही होती: रुद्रम्मा, शिक्षिका, कर्णबधिर मुलांची निवासी शाळा, लोहारा.

ज्ञानेश्वरीनं ती तेर गावातल्या आपल्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून वाचली. पुण्यातल्या एका लहान कंपनीत ती सहा वर्षं नोकरीला होती आणि त्यातली तीन वर्षं घरूनच काम करत होती. लेक दिवसभर कॉम्प्युटरवर काय करते असं कुणी विचारलं की तिचे वडील हरिबा सांगत, "गाठोडं बांधायचं यंत्र बनवती." मेंढरं राखणाऱ्या माणसानं केलेलं हे वर्णन कंपनीच्या जाहिरातीपेक्षा नेमकं होतं. कुणी आपल्या कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम लिहितो. तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर न्यायचा तर नुसती मुख्य फाइल नेऊन भागत नाही. त्याला लागणारे फॉन्ट, चित्रं, मदतनीस फाइली असं सगळं एकत्र बांधून न्यावं लागतं. त्या बांधलेल्या गाठोड्याला सेटअप म्हणतात. असे सेटअप तयार करण्याचं साधन ज्ञानेश्वरीची कंपनी विकत होती. त्याचं नाव बांधणी.

बांधणी दोन तऱ्हांनी वापरता येई. एक एडिटर. तो उघडला की बावीस कप्पे एकदम समोर येत आणि ज्याला जे हवं ते त्यानं शोधून बदलायचं. कंपनीचे मालक रणधीर सर यांनी तो बारा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला होता आणि मुरलेले प्रोग्रामर त्याच्यावर खूश होते. दुसरा विझार्ड. त्यात एका वेळी एकच पडदा, एकच प्रश्न. उत्तर द्यायचं, 'पुढे' दाबायचं, शेवटी सेटअप तयार. एडिटर पाहून नवखी माणसं पळून जात, म्हणून विझार्ड नंतर जोडला होता. आता ती विझार्डमधूनही पळत होती. शंभरातले सत्तर जण सातव्या पडद्यावर सोडून जात. विझार्ड सुधारायचं काम जूनमध्ये ज्ञानेश्वरीकडं आलं होतं आणि जुलै संपत आला तरी तिला त्याचं टोक सापडत नव्हतं.

तिनं बाईंना उत्तर लिहिलं की चूक तुमची नाही, आणि मी येऊन बघू का असं विचारलं. दोन दिवसांनी ती धाराशिवला एसटी बदलून लोहाऱ्याला पोचली.

रुद्रम्मा बाई बावन्न वर्षांच्या होत्या. माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, शाळेत मराठी आणि वर्गात हातांची भाषा, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जाई. सेहेचाळिसाव्या वर्षी शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या प्रोग्राम लिहायला शिकल्या, कारण त्यांना हवं होतं ते कुणी बनवत नव्हतं. शहरात तयार झालेल्या शिकवण्याच्या प्रोग्राममध्ये लिफ्ट होती, ट्रॅफिक सिग्नल होता. कडबा नव्हता, विळी नव्हती, एसटी नव्हती. म्हणून बाईंनी चार वर्षं खपून 'खूणशब्द' उभा केला. त्यात चित्रावर बोट ठेवलं की शब्द लिहिलेला दिसे आणि त्याची खूण करून दाखवणारा छोटा व्हिडिओ चाले. नंतर मुलाला तोच शब्द विचारला जाई. बरोबर आला की हिरवा होई. कुठल्या मुलाचे किती शब्द हिरवे झाले ते प्रोग्राम लक्षात ठेवी. सहाशे बारा शब्द झाले होते आणि धाराशिवच्या एका शाळेनं तो मागितला होता.

ज्ञानेश्वरी बाईंच्या मागं मुलांच्या बाकावर वही घेऊन बसली. आधीच सांगून टाकलं की मी काहीही सुचवणार नाही, तुम्ही अडलात तरी नाही, राग मानू नका. बाई हसून म्हणाल्या की तीस वर्षं मी पोरांच्या मागं अशीच उभी राहतेय, आज माझी पाळी.

पहिले सहा पडदे त्या भराभर पुढं गेल्या. सातव्यावर थांबल्या. 'सर्व वापरकर्त्यांसाठी की फक्त चालू वापरकर्त्यासाठी?' त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. वापरकर्ते म्हणजे आपली पोरं, का शाळा, का हेडमास्तर, हे त्यांना कळेना. शेवटी पहिला पर्याय दाबला, कारण तो पहिला होता. अकराव्या पडद्यावर चाळीस मदतनीस फाइलींची यादी आली आणि यातल्या तुमच्या प्रोग्रामला कुठल्या लागतात असं विचारलं गेलं. बाईंनी ओळखीच्या वाटलेल्या चार नावांवर खूण केली. त्यांना लागत होत्या सात.

"'माहीत न्हाय' म्हणायला इथं जागाच ठेवली न्हाय," बाई पडद्याकडं बघतच म्हणाल्या. "पुढं जायचं तर खोटं बोलावं लागतंय. मग बोलले."

ज्ञानेश्वरीनं ते वाक्य वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

परतीच्या एसटीत तिला दुसरं काही सुचलं नाही. जून-जुलै तिनं पडद्यांचे रंग, अक्षरांचा आकार, बटणांची जागा यांत घालवले होते. खोट तिथं नव्हतीच. कंपनीनं एडिटरचेच कप्पे उचलून एकापुढं एक उभे केले होते आणि त्याला सोपं म्हटलं होतं. प्रश्न तेच, फक्त आता ते रांगेत येत होते आणि ती रांग सोडून बाहेर पडायची सोय नव्हती. एडिटरमध्ये न कळलेल्या गोष्टीला माणूस निदान हात तरी लावत नाही. विझार्ड त्याला हात लावायला भाग पाडत होता.

तिनं एक नियम केला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: जे फक्त त्या माणसालाच ठाऊक आहे तेवढंच त्याला विचारायचं. जे यंत्राला शोधता येतं ते यंत्रानं शोधायचं. त्या नियमानं एकोणीस प्रश्न चाळून काढले तेव्हा पाच उरले. प्रोग्रामचं नाव काय, तो कुणी बनवला, कुठल्या फोल्डरमध्ये आहे, त्यातली कुठली फाइल आधी उघडायची, आणि ही कितवी आवृत्ती.

रणधीर सरांना ते आवडलं नाही. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले की तू लोकांपासून निर्णय लपवतेयस, चौदा गोष्टी त्यांच्या नकळत ठरतील. ज्ञानेश्वरीनं सांगितलं की त्या आजही त्यांच्या नकळतच ठरतायत, आणि वर चुकीच्या ठरतायत. सरांनी थोडा विचार केला आणि फेब्रुवारीत नवी बांधणी बाजारात येईपर्यंत प्रयोग म्हणून कर, अशी परवानगी दिली.

पाच पडदे रचायला तिला आठवडा लागला. त्यांच्यामागचं काम सात आठवडे चाललं, कारण प्रोग्रामची मुख्य फाइल उघडून तिला कुठल्या मदतनीस फाइली लागतात, कुठले फॉन्ट लागतात, हे यंत्राला आपोआप ओळखता यायला हवं होतं. कितीदा तरी चुकलं. एकदा त्यानं बाईंच्या शाळेचा हजेरीपटही गाठोड्यात बांधला. ती चुका खोडत राहिली.

सप्टेंबर संपता संपता बाईंनी नव्या विझार्डवर चार मिनिटांत सेटअप केला. तो पेनड्राइव्हवर धाराशिवला गेला. तिथल्या शाळेत सोनाली नावाची शिक्षिका होती, तिच्या वर्गात अकरा मुलं आणि एक कॉम्प्युटर. सेटअप लागला, खूणशब्द उघडला, व्हिडिओ चालले. सोनालीनं मुलांचा फोटो बाईंना पाठवला आणि बाईंनी तो ज्ञानेश्वरीला. कंपनीत तिचं कौतुक झालं. फेब्रुवारीच्या जाहिरातीत 'पाच प्रश्नांत सेटअप' हे वाक्य पक्कं झालं.

जानेवारीत बाईंनी खूणशब्दात चाळीस नवे शब्द घातले. विझार्ड पुन्हा उघडला, पाचही उत्तरं पुन्हा लिहिली, आवृत्ती दुसरी असं नोंदवलं आणि नवा सेटअप सोनालीला पाठवला.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. नेहमी ठणठणीत बोलणाऱ्या बाई अडखळत बोलत होत्या. सोनालीनं नवा सेटअप लावल्यावर तिच्या कॉम्प्युटरवर खूणशब्द उघडायची दोन चित्रं दिसायला लागली. दोन्ही सारखीच. एक जास्तीचं असेल म्हणून तिनं जुनं काढून टाकलं. उरलेलं उघडलं तर त्यात एकाही मुलाचा एकही शब्द हिरवा नव्हता. अकरा मुलांची चार महिन्यांची शिकवणी गेली होती.

"माझ्याच हातून काहीतरी चुकलं असंल," बाई म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीला फोनवरच कळून चुकलं होतं की काय झालं असणार. प्रत्येक सेटअपच्या पोटात एक ओळख-क्रमांक असतो. हा जुन्याच प्रोग्रामचा नवा अवतार आहे की दुसराच कुणी आहे, हे कॉम्प्युटर त्या क्रमांकावरून ठरवतो. तिचा विझार्ड दर वेळी कोरी पाटी घेऊन बसत होता. बाईंची पहिल्या वेळची उत्तरं त्यानं कुठं ठेवलीच नव्हती, आणि दुसऱ्या वेळी नवा क्रमांक देऊन मोकळा झाला होता. पहिल्या दिवसाची सोय करताना तिनं दुसऱ्या दिवसाचा विचारच केला नव्हता.

"बाई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमची न्हाय आणि सोनाली मॅडमचीही न्हाय. मी उद्या धाराशिवला जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती त्या शाळेत होती. पुसलेल्या फाइली परत मिळवण्याचे जेवढे मार्ग तिला ठाऊक होते तेवढे तिनं करून पाहिले. शाळेचा कॉम्प्युटर जुना, त्यावर जागा कमी. रिकाम्या झालेल्या जागेवर नवे व्हिडिओ येऊन बसले होते. दुपारी तीनपर्यंत काहीही हाती लागलं नाही.

वर्गात आरोही नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे सगळ्यांत जास्त, तीनशे चाळीस शब्द हिरवे झाले होते. ती सकाळपासून ज्ञानेश्वरीच्या खुर्चीमागं उभी राहून बघत होती. आता तिनं पुढं येऊन हातांनी काहीतरी विचारलं. ज्ञानेश्वरीनं सोनालीकडं पाहिलं.

"ती विचारतेय, कुणी पुसलं," सोनाली हळू आवाजात म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं आपल्या छातीवर बोट ठेवलं.

आरोहीनं तिच्याकडं नीट पाहून घेतलं. मग तिला खुर्चीवरून उठायची खूण केली, स्वतः बसली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. पाचच्या ठोक्याला शाळा सुटली तेव्हा तिचे सत्तावीस शब्द हिरवे झाले होते. बाकीची दहा मुलं दुसऱ्या दिवसापासून आळीपाळीनं बसणार होती.

त्याच संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं रणधीर सरांना फोन केला आणि नवी बांधणी फेब्रुवारीत बाजारात आणू नये असं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की झालं ते वाईट झालं, पण यात नवीन काही नाही. विझार्ड पहिल्या खेपेसाठी असतो. दुसऱ्या खेपेला माणसानं एडिटरमध्ये जायचं. तिथं ओळख-क्रमांक दिसतो, जपता येतो. बाईंनी एडिटर उघडायला हवा होता.

ज्ञानेश्वरी म्हणाली की एडिटर नावाचं काही आहे हेच बाईंना माहीत नाही, कारण विझार्डनं त्यांना ते कधी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी त्यांनी तो वापरला असता असं मला वाटत नाही. सर म्हणाले की वाटण्यावर तारीख पुढं ढकलता येत नाही, तीन आठवडे उरलेत.

"मग वाटण्यावर नका ढकलू," ती म्हणाली. "लोहाऱ्याला या. एक तास बाईंच्या मागं बसा."

सरांच्या एडिटरबद्दल आजवर त्यांच्यासमोर कुणी वावगं बोललं नव्हतं. तरी ते म्हणाले की शुक्रवारी येतो.

मधल्या दिवसांत ज्ञानेश्वरीनं तात्पुरती डागडुजी केली. विझार्डमध्ये दिलेली उत्तरं आता एका फाइलीत जपली जाऊ लागली आणि ती फाइल एडिटरमध्ये उघडता येऊ लागली. बाईंच्या दुसऱ्या आवृत्तीची उत्तरं आणि तिचा ओळख-क्रमांक तिनं त्यात हातानं भरून ठेवला. सरांचं म्हणणं त्यामुळं पुरतं तपासून बघता येणार होतं, आणि तिला तेच हवं होतं.

शुक्रवारी सर पुण्याहून पहाटे निघून अकराला लोहाऱ्यात आले. बाईंनी चहा दिला, शाळा दाखवली. मग सर आणि ज्ञानेश्वरी मुलांच्या बाकावर बसले. बाक ठेंगणा होता, सरांचे गुडघे छातीशी आले. बाईंना काम दिलं ते साधं होतं: पाच शब्द वाढवा, आवृत्ती तिसरी करा आणि सेटअप बनवा. विझार्डऐवजी एडिटर वापरा.

एडिटर उघडला. बावीस कप्पे आले. नऊ सेकंदांत बाईंनी तो बंद केला.

सर खुर्चीकडं झेपावणार तेवढ्यात ज्ञानेश्वरी कुजबुजली, "सर, आपण इथं नाहीच आहोत असं समजायचं." ते परत बसले.

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. पदर खोचला आणि पुन्हा उघडला. आवृत्तीचा आकडा कुठं आहे ते त्या शोधायला लागल्या. एकेक कप्पा उघडत, वाचत, मिटत. आकडा चौथ्या कप्प्यात होता, पण तिथं त्याला वेगळंच नाव होतं, आणि बाई त्यावरून दोनदा पुढं गेल्या. दोन्ही वेळा सरांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. चौदाव्या मिनिटाला बाईंना आकडा सापडला. त्यांनी दोनाचा तीन केला. मग 'बांधा' असं लिहिलेल्या बटणावर बाण नेऊन ठेवला आणि हात मागं घेतला. असं तीनदा झालं.

"आता इथं अडचण काय आहे?" सरांना राहवलं नाही.

"अडचण न्हाय," बाई म्हणाल्या. "पण ह्या बावीस कप्प्यांतनं मी फिरून आले. येताजाता कुठं हात लागला असंल तर मला कळणार न्हाय. मागच्या वेळी मला न कळता अकरा पोरांचं पुसलं गेलं. मी हे दाबणार न्हाय."

सरांनी मान हलवली. मग त्यांनी बाईंची परवानगी घेऊन माउस हातात घेतला आणि आपल्याच एडिटरच्या बावीस कप्प्यांतून एकदा सावकाश फिरले. आपण काही बदललं की नाही हे सांगायची कुठलीच सोय त्यात नव्हती. गरजच पडली नव्हती. त्यांना सगळं पाठ होतं.

गाडीकडं जाताना ते ज्ञानेश्वरीला म्हणाले, "हा मी माझ्यासाठी लिहिला होता गं. बारा वर्षं मला वाटतंय की सगळ्यांसाठी लिहिला." मग दार उघडून म्हणाले, "एप्रिलपर्यंत वेळ घे. तारखेचं मी बघतो."

पुढचे अडीच महिने ज्ञानेश्वरीनं मान वर केली नाही. कामाची दिशा आता तिला स्वच्छ दिसत होती. विझार्ड चांगला की एडिटर चांगला हा वाद कंपनीत वर्षानुवर्षं चालला होता, आणि तो वादच चुकीचा होता. बाई पहिल्या खेपेला आल्या तेव्हा त्यांना वाट दाखवणारं कुणी हवं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांना वाट माहीत होती. फक्त आपण मागच्या वेळी ठेवलेलं सामान जागच्या जागी हवं होतं. माणूस एकच, पण त्याची गरज बदललेली. मधला रस्ताच कुणी बांधला नव्हता.

तिनं तो बांधायला घेतला. विझार्डच्या शेवटच्या पडद्यावरचं 'संपलं' हे बटण काढलं. तिथं आता लिहून येई की तुमची उत्तरं या नावानं जपून ठेवली आहेत, पुढच्या वेळी इथून सुरुवात करा. त्याच फोल्डरवर कुणी नव्यानं विझार्ड चालवायला गेला तर तो आधी थांबवून सांगे की याचं गाठोडं पूर्वी बांधलेलं आहे, तेच उघडू का? एडिटर उघडला की पहिल्या पानावर बावीस कप्पे येत नसत. विझार्डमधले पाच प्रश्न त्याच शब्दांत, त्याच क्रमानं आणि आपण दिलेल्या उत्तरांसकट दिसत. आवृत्तीला एका ठिकाणी एक नाव आणि दुसरीकडं दुसरं, असं कुठंही राहू दिलं नाही. शब्द जुळवण्यातच तिचे नऊ दिवस गेले. पाचांच्या खाली यंत्रानं स्वतः ठरवलेल्या गोष्टी होत्या, प्रत्येकीपुढं कारण: हा फॉन्ट घेतला, कारण तुमची अक्षरं यातली आहेत. लपवलेलं काही नको, या रणधीर सरांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि तिनं ते घेतलं. बाकीचे कप्पे डावीकडं मिटून ठेवले होते. ज्याला हवा त्यानं उघडावा.

शेवटची गोष्ट रणधीर सरांनी स्वतः लिहिली. 'बांधा' दाबलं की लगेच काही होत नसे. आधी एक यादी येई: मागच्या वेळेपासून एवढंच बदललं आहे. ती वाचून हो म्हटलं तरच पुढं.

सगळं गोड झालं असं नाही. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी रागानं लिहिलं की आमचे कप्पे कुठं घातलेत, आम्हाला शिकवायला निघालात का. त्यातल्या एकानं बांधणी वापरणं सोडलं. ज्ञानेश्वरीनं त्यांच्यासाठी सगळे कप्पे कायम उघडे ठेवायची सोय दिली, पण पहिलं पान मात्र हटवलं नाही. कंपनीच्या बैठकीत एकानं विचारलं की एका शाळेतल्या एका बाईंसाठी आपण एवढं करायचं का. तिनं उत्तर दिलं की सातव्या पडद्यावर अडलेल्यांपैकी मेल लिहिणाऱ्या त्या एकट्या आहेत, शंभरातले सत्तर न सांगता सोडून गेले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुट्टी लागायच्या आधी, ती नवी बांधणी घेऊन लोहाऱ्याला गेली. बाईंचे एव्हाना सातशे शब्द झाले होते. ज्ञानेश्वरी बाकावर बसली. बाईंनी जपलेलं गाठोडं उघडलं, पाच उत्तरं वाचली, आवृत्ती बदलली, बटण दाबलं. यादी आली: आवृत्ती दोनाची तीन झाली, अठ्ठेचाळीस व्हिडिओ नवे, ओळख-क्रमांक तोच आहे. बाईंनी यादी बोट ठेवून ठेवून वाचली, शेवटची ओळ दोनदा. मग हो म्हटलं. एकूण सहा मिनिटं लागली.

नवा सेटअप लगेच धाराशिवला द्यायचा नाही असं दोघींनी ठरवलं. आधी त्यांनी तो शाळेतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला. तिथं जुनी प्रत होती आणि खोटी खोटी नावं देऊन काही शब्द मुद्दाम हिरवे करून ठेवले होते. नवी प्रत लागली, चित्र एकच राहिलं, हिरवे शब्द हिरवेच होते. तरी ज्ञानेश्वरीनं सोनालीला फोन करून मुलांच्या प्रगतीची नक्कल आधी पेनड्राइव्हवर काढून घ्यायला लावली. मगच सेटअप पाठवला. दुपारी दीडला सोनालीचा फोन आला. अकराच्या अकरा मुलांचे शब्द जागच्या जागी होते.

फोन ठेवल्यावर ज्ञानेश्वरी बाकावर तशीच बसून राहिली. डोळे भरून आले होते, ते तिनं ओढणीनं पुसले. बाई तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या परत पडद्याकडं वळल्या होत्या आणि डावीकडच्या मिटलेल्या कप्प्यांची नावं एकेक करून वाचत होत्या.

"हे 'भाषा' म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

ज्ञानेश्वरी सांगायला तोंड उघडणार होती, पण थांबली. बाईंनी उत्तराची वाट पाहिलीच नाही. त्यांनी कप्पा उघडला. सेटअप लावताना दुसऱ्याच्या पडद्यावर जी इंग्रजी वाक्यं येतात ती सगळी तिथं एकाखाली एक होती आणि प्रत्येकापुढं आपली ओळ लिहायला रिकामी जागा होती. बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पहिल्या ओळीपुढं मराठीत लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर अडल्या, दोन शब्द खोडले आणि साधा शब्द लिहून पुढं गेल्या.

चारची एसटी चुकली तर पुढची साडेपाचला होती. ज्ञानेश्वरीनं उचललेली पिशवी परत बाकाखाली ठेवली.